ओट्याचा दगड

मराठी भाषेतील ‘ओटा’ हा शब्द एके काळी घराबाहेर राहत असे. दारापुढचा मातीचा किंवा दगडाचा उंचवटा म्हणजे ओटा. ऊन उतरले की त्यावर घरातील वडीलधारी माणसे बसत, येणारा-जाणारा घटकाभर टेकत असे, शेजारणी धान्य निवडता निवडता एकमेकींचे सुखदुःख ऐकत. पुढे घरे लहान झाली, अंगण गेले, दारापुढची मोकळी जागाही गेली; शब्द मात्र गेला नाही. तो उंबरठा ओलांडून आत आला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बसला. आज शहरात वाढलेल्या मुलामुलींना ओटा म्हटले की शेगडीखालची दगडी फरशीच आठवते.

शब्दाबरोबर स्वयंपाक करणारीही उठून उभी राहिली. चुलीपुढचा स्वयंपाक बसून होई. पाट, विळी, पाटा-वरवंटा, परात ही सगळी बसून वापरण्याचीच साधने होती. गॅसची शेगडी आली तेव्हा ती ठेवण्यासाठी कमरेइतक्या उंचीची जागा लागली, आणि ती जागा दगडाने दिली. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत हा दगड काळा कडप्पा होता. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यातून तो येई, म्हणून त्याचे नावच कडप्पा पडले. शहाबादच्या फरशीचेही तसेच. गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. आणि त्याचे नाव मात्र महाराष्ट्रातल्या घराघरांत जमिनीवर पसरलेले.

बंगळूर शहराच्या मल्लेश्वरम भागातील एका जुन्या घरात असाच एक कडप्प्याचा ओटा होता. त्या घरातील काकू मूळच्या बेळगावकडच्या. यजमान कारखान्यातील नोकरीनिमित्त बंगळूरला आले आणि कुटुंब येथेच स्थिरावले. यजमानांच्या माघारी काकूंनी पोळी-भाजीचे डबे देण्यास आरंभ केला. पहाटे पाचला पहिली पोळी तव्यावर पडे आणि साडेआठपर्यंत शेवटचा डबा दाराबाहेर जाई. ह्या ओट्यानेच त्यांचे घर चालवले होते. तीस वर्षांच्या सेवेनंतर मोरीलगतच्या कोपऱ्यात त्याला चीर गेली. चिरेत पाणी मुरू लागले, पिठाचे कण अडकू लागले, आणि एके दिवशी कणीक मळताना दगड किंचित हलला. काकूंनी नवा ओटा करण्याचे ठरवले. त्यासाठी सहा महिने डब्यांच्या पैशांतून शिल्लक टाकली.

दगड निवडण्यासाठी बंगळूरसारखे गाव नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. कारण हे शहरच दगडावर वसलेले आहे. लालबागेतील उघड्या कातळावर सकाळी फिरायला येणारी माणसे सहज चढतात. त्या कातळाचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. बसवनगुडीतील भव्य नंदी एकाच पाषाणातून कोरलेला आहे. १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या विधानसौधाच्या भिंती ग्रॅनाइटच्या आहेत. शहराबाहेर पडले की शेताच्या कुंपणालासुद्धा लाकडी खांबांऐवजी चिरलेल्या दगडाचे उभे खांब दिसतात. जेथे लाकूड दुर्मीळ आणि दगड मुबलक, तेथे माणूस दगडालाच लाकडासारखा चिरायला शिकतो.

ह्या दगडांशी मराठी माणसाचा संबंधही जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६६९ मध्ये मल्लपुरातील मल्लिकार्जुनाच्या देवस्थानाला एक गाव दान दिले. ते दान कन्नड भाषेत शिळेवर कोरलेले आहे. तेच आजचे काडु मल्लेश्वराचे देऊळ; त्याच्यावरूनच मल्लेश्वरमचे नाव पडले. १८९८ च्या प्लेगनंतर शहराच्या दाट वस्तीतून माणसे बाहेर काढण्यासाठी आखलेल्या नव्या वसाहतींपैकी मल्लेश्वरम ही एक. काकू दर सोमवारी त्या देवळात जात. मराठी राज्यकर्त्याने दिलेला शब्द कन्नड अक्षरांत आणि काळ्या दगडावरच्या रेघेसारखा तेथे टिकून आहे, याचे त्यांना मोठे अप्रूप वाटे.

काकू आणि त्यांची मुलगी दगड पाहण्यासाठी जिगणीला गेल्या. शहराच्या दक्षिणेला, आनेकल तालुक्यातील ह्या औद्योगिक वसाहतीत ग्रॅनाइट कापणारे आणि विकणारे अनेक कारखाने आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या लाद्या लोखंडी घोड्यांवर तिरक्या टेकवून ठेवलेल्या असतात. इळकलचा लालसर दगड, चामराजनगरचा काळाभोर, कनकपुऱ्याचा अनेक रंगांच्या लाटांचा, शिवाय ओंगोलजवळच्या चिमकुर्तीहून आलेला, काळ्या आकाशात चांदण्या विखुराव्यात तसा. एखाद्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठी वाचीत जावे, तशा काकू त्या लाद्यांवरून हात फिरवीत पुढे जात होत्या.

मुलीचे मन मात्र पांढऱ्या रंगावर होते. दुकानदाराने प्रथम संगमरवर दाखवला. काकूंनी पिशवीतून अर्धे लिंबू काढले आणि एका टाकाऊ तुकड्यावर दोन थेंब पिळले. पंधरा मिनिटांनी पुसले तेव्हा तेथे चकाकी उडून एक फिकट डाग राहिला होता. संगमरवर हा चुन्याच्या जातीचा दगड आहे. आंबटाशी त्याचे सख्य नाही. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो यांचा थेंब त्याच्यावर पडला की दगडाचा पृष्ठभागच थोडा विरघळतो. हा डाग घासून जात नाही, कारण तो डाग नसून झीज असते. कडप्पासुद्धा चुनखडीच्याच कुळातला. म्हणून जुन्या ओट्यांवर लिंबाच्या फोडीचे ठसे वर्षानुवर्षे दिसत राहतात.

“ताजमहालाला कोणी फोडणी देत नाही,” काकू मुलीला म्हणाल्या, “म्हणून तो अजून पांढरा आहे.”

ग्रॅनाइटची गोष्ट निराळी आहे. पृथ्वीच्या पोटातील तप्त रस खोलवर सावकाश निवत गेला की त्यातून गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे एकमेकांत गुंतलेले कण तयार होतात. तोच ग्रॅनाइट. गारगोटी आणि फेल्डस्पार हे दोन्ही पोलादी सुरीच्या पात्याहून कठीण. त्यामुळे ह्या दगडावर सुरी घासली तर दगडाला ओरखडा पडण्याआधी सुरीची धार जाते. लिंबाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि आचेवरून उतरवलेले पातेलेही तो सहज सोसतो.

तरीही डोळे मिटून घ्यावा असा तोही नाही. दिसते तसे नसते, ही म्हण दगडाच्या बाजारातही खरी आहे. काकूंनी लादी उन्हात काढायला लावली. तिच्यावर पाणी ओतून ती पुसली. सगळा दगड वाळला, पण एका लादीवर केसासारखी एक ओली रेघ मागे राहिली. ती चीर होती. ती लादी बाजूला गेली. दुसऱ्या एका काळ्या लादीवर त्यांनी थिनरमध्ये भिजवलेले फडके घासले, तर फडके काळे झाले. फिकट दगडाला रंग चढवून तो काळाभोर म्हणून विकण्याचा तो प्रकार होता. तिसरी लादी करड्या रंगाची, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, दिसायला अगदी साधी. तिच्यावर ठेवलेला पाण्याचा थेंब बराच वेळ तसाच राहिला, म्हणजे दगड घट्ट होता. बोटाच्या पेराने वाजवली तेव्हा ती एकसारखी खणखणीत वाजली.

इतक्यात दुकानदाराने मुलीला आतल्या दालनात नेले. तेथे हव्या त्या पांढऱ्या रंगाच्या, एकही डाग नसलेल्या, आरशासारख्या लाद्या होत्या. हा कारखान्यात तयार केलेला दगड. गारगोटीची भुकटी आणि चिकट रसायन एकत्र दाबून तो बनवतात. त्याच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक गारगोटी असू शकते. डाग पडत नाही, पाणी मुरत नाही, प्रत्येक लादी सारखी. मुलगी हरखून गेली. काकूंनी फक्त एवढेच विचारले, “ह्याच्यावर तापलेला तवा ठेवला तर?” दुकानदाराने खाली जाड बस्कर ठेवावे लागेल असे सांगितले. त्यातील चिकट रसायन फार उष्णता सोसत नाही, हे खरे. पहाटे पाचला चार तवे आणि दोन कुकर हाताळणाऱ्या बाईला प्रत्येक वेळी बस्कर शोधणे परवडणारे नव्हते. पण निवडीचा खरा निर्णय झाला तो तव्यावरून नव्हे.

दालनाच्या मागच्या बाजूला एक तरुण कारागीर हातातल्या कटरने त्याच पांढऱ्या दगडाला मोरीच्या भांड्यासाठी चौकोन पाडीत होता. कटरच्या पात्यातून धुळीचा पांढरा लोट उठत होता. त्याच्या भुवया, केस, कान सगळे पांढरे झाले होते. तोंडाला एक रुमाल बांधलेला होता. काकू त्याच्याशी कन्नडमध्ये बोलू लागल्या. घरी येऊन ओटा बसवण्याचे कामही तोच करणार होता.

“तम्मा, पाणी सोडून का कापत नाहीस?”

“अम्मा, पाण्याने चिखल होतो. वेळ लागतो. लोकांच्या घरात तर पाणी चालतच नाही. रुमाल आहे ना.”

मग बोलता बोलता त्याने सांगितले, की त्याचा थोरला भाऊ हेच काम करीत असे. आता तो गावी असतो. जिना चढला की त्याला धाप लागते. वर्षभर क्षयाची औषधे घेतली. गुण आला नाही.

धूळ हा शब्द फार सौम्य आहे. रस्त्यावरची धूळ, शेतातली धूळ नाकात गेली तर शिंक येते आणि ती बाहेर पडते. गारगोटी उच्च गतीने कापली की जे अतिसूक्ष्म कण उडतात, ते डोळ्यांना दिसतही नाहीत आणि शिंकेने बाहेरही पडत नाहीत. ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पोकळ्यांपर्यंत पोहोचतात. शरीर त्यांना जिरवू शकत नाही. त्यांच्याभोवती व्रण तयार होतात, आणि मऊ, फुगणारे फुप्फुस हळूहळू कठीण होत जाते. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. साधा रुमाल हे कण अडवू शकत नाही. रोग झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही वाढतो, आणि दोन्हींची लक्षणे सारखी असल्यामुळे पुष्कळदा एकाच्या जागी दुसऱ्याचेच औषध चालू राहते.

हे ज्ञान नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दगड फोडणाऱ्यांच्या खोकल्याचे आणि श्वासाच्या विकाराचे वर्णन आहे. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारावे, असा आग्रह त्यांनी वैद्यांना केला. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसला नोंद करण्याजोग्या व्यावसायिक रोगांत स्थान दिले. राजस्थानात दगडखाणींतील असंख्य कामगारांना ह्या रोगाने ग्रासले. तेथील सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. पण हातात कटर घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात जाणारा कारागीर कोणत्या कारखान्याच्या नोंदवहीत सापडणार?

कारखान्यात बनवलेल्या दगडाने ह्या जुन्या रोगाला नवा वेग दिला. नैसर्गिक ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचे प्रमाण साधारणपणे एकतृतीयांशाच्या आसपास असते, संगमरवरात फारच थोडे, आणि ह्या नव्या दगडात नव्वद टक्क्यांच्या वर. जो रोग पूर्वी वीस-वीस वर्षांनी दिसे, तो इस्राएल, स्पेन, ऑस्ट्रेलिया ह्या देशांत ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये दहा वर्षांच्या आतच दिसू लागला. अखेर १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने असा दगड तयार करणे, विकणे आणि बसवणे यांवर बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो जगातील पहिला देश ठरला. स्वयंपाकघरातील एका चकाकत्या फरशीसाठी पंचविशी-तिशीतल्या माणसाचा श्वास खर्ची पडावा, हा व्यवहार त्या समाजाला परवडेनासा झाला.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे मराठीत म्हणतात. कष्टाची महती सांगण्यासाठी ही म्हण पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. परंतु ह्या म्हणीत दगड आहे, टाकी आहे, देव आहे. टाकी चालवणारा माणूस मात्र कोठेच नाही. दगडाने सोसलेले घाव मोजले गेले. घाव घालणाऱ्याने काय सोसले ते कोणी विचारले नाही. लेण्यांपासून घाटांपर्यंत आणि जात्यांपासून देवळांपर्यंत महाराष्ट्राने दगडावर अपार प्रेम केले. वडार आणि पाथरवट यांच्या हातांनी ते प्रेम आकाराला आले. गावोगाव फिरून जात्याला टाकी लावणारे कारागीर कामाच्या वेळी तोंड फिरवून खोकत, ही आठवण जुन्या पिढीतील पुष्कळांना असेल. त्या खोकल्याला कोणी रोग म्हटले नाही. तो धंद्याचाच भाग समजला गेला.

काकूंनी करडा ग्रॅनाइट निवडला. त्याबरोबर एक अटही घातली. मोरीच्या भांड्याचा आणि शेगडीचा चौकोन, कडांची गोलाई, सगळे काम कारखान्यातील पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रावरच व्हावे. घरात कटर चालू नये. कापताना पात्यावर पाणी पडत राहिले की धूळ जागच्या जागी बसते. ती पूर्णपणे थांबत नाही, पण पुष्कळ कमी होते. दुकानदाराने सांगितले की मजुरी वाढेल. शिवाय माप चुकले तर लादी वाया जाईल आणि तिची जबाबदारी घेणाऱ्याची असेल. घरी बसवताना थोडे थोडे कापून जुळवता येते. कारखान्यात एकदा कापले की कापले.

मुलगी अस्वस्थ झाली. “आई, सहा महिन्यांचे पैसे आहेत. एक इंच इकडेतिकडे झाला तर?”

“तर नीट मोजू,” काकू म्हणाल्या. “माप चुकले तर दगड दुसरा मिळेल. त्याच्या आईने काय करावे?”

मग मोजमापाचे काम सुरू झाले. जुना कडप्पा निघाल्यावर कारागिराने पाणसळ लावून विटांच्या उभ्या भिंती एका पातळीत आणल्या. ओट्याची उंची काकूंच्याच मापाने ठरली. उभे राहून हात कोपरात वाकवला की कोपरापासून सुमारे चार बोटे खाली ओटा यावा, म्हणजे कणीक मळताना खांदे उचलावे लागत नाहीत आणि कंबर वाकवावी लागत नाही. बाजारात रूढ असलेल्या उंचीपेक्षा तो दीड इंच खाली आला. तीस वर्षे ज्या खांद्याला शेक द्यावा लागला, त्याचे कारण त्या दिवशी काकूंना कळले.

पुठ्ठ्यांचे तुकडे जोडून सबंध ओट्याचा नमुना तयार केला. भांड्याच्या चौकोनाचे कोपरे काटकोनात न ठेवता गोल ठेवले, कारण दगडाला चीर जाते ती बहुधा अणकुचीदार कोपऱ्यापासूनच. पुढच्या कडेच्या खाली एक बारीक खाच ठेवायची ठरली. ओट्यावरचे पाणी त्या खाचेपर्यंत येऊन खाली गळते, आत फळीकडे जात नाही. मोरीच्या दिशेने अगदी थोडा उतार द्यायचा होता. प्रत्येक माप कारागिराने घेतले, मुलीने लिहिले आणि काकूंनी पुन्हा मोजून पाहिले. मुलीच्या वहीत त्या आकड्यांखाली तिघांनी सह्या केल्या.

आठ दिवसांनी लादी आली. वीस मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे पाच किलो भरते. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा म्हणजे ऐंशी किलो; चौकोन कापून गेल्यावर थोडा हलका. चौघांनी ती लादी आडवी न धरता उभ्या कडेवर धरून आत आणली. आडवी धरली तर चौकोनाच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्या स्वतःच्याच वजनाने मोडतात. खाली सिमेंटचा थर पसरला होता. लादी त्यावर टेकवली, पाणसळ ठेवली, रबरी हातोडीने हलकेच ठोकली. शेगडीची जागा बरोबर आली. भांडे चौकोनात अचूक बसले. सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात एक फट दिसली. जुन्या घराची भिंत गुण्यात नव्हती. मागच्या बाजूला दगड एका टोकाला भिंतीला भिडला होता आणि दुसऱ्या टोकाला बोटभर दूर राहिला होता. कारागिराने हात पुसले आणि कटर उचलले. “अम्मा, डाव्या बाजूने थोडे घासतो. पाच मिनिटांचे काम. मग सरळ सरकेल.”

त्या पाच मिनिटांसाठी कोणी त्याला दोष दिला नसता. त्याचे काम सुबक दिसावे, हीच त्याची इच्छा होती. धुळीची भीती घरातल्यांनाही नव्हती; खिडकी उघडली असती, ओल्या फडक्याने पुसून घेतले असते. काकूंनी क्षणभर त्या फटीकडे पाहिले. सहा महिन्यांच्या शिलकीतून आलेल्या वस्तूत पहिल्याच दिवशी खोट राहणार होती.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “भिंत वाकडी आहे, दगड नाही. फट भरून घे.”

कारागिराने फट भरली. वरून भिंतीच्या टाइल्स आल्या तेव्हा तिचा बराचसा भाग त्यांच्या जाडीखाली झाकला गेला. कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी पांढरी रेघ उरली. ती आजही दिसते. सिमेंट पक्के होईपर्यंत काही दिवस ओट्यावर जड वस्तू ठेवू नये, असे सांगून कारागीर निघाला. जाताना काकूंनी त्याला त्याच्या भावाविषयी पुन्हा विचारले. सरकारी रुग्णालयातील छातीच्या विभागात त्याला न्यावे, क्ष-किरण चित्र काढून घ्यावे, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी ‘मी दहा वर्षे दगड कापत होतो’ हे वाक्य आधी सांगावे, असे त्यांनी त्याला दोनदा बजावले. ते वाक्य मुलीने कन्नडमध्ये एका चिठ्ठीवर लिहून दिले. त्याने चिठ्ठी घडी करून मापाच्या पट्टीबरोबर खिशात ठेवली.

भाऊ रुग्णालयात गेला की नाही, हे त्या घराला कळलेले नाही. एका घराने घरात कटर चालू दिले नाही, म्हणून शहरातील कटर थांबत नाहीत. ज्या घरांत असा दगड बसतो, त्यांतील बहुतेकांना धुळीची माहितीच नसते. आणि ज्यांना असते, त्यांना घाई असते. कायदा करणे सरकारच्या हाती, पाण्याची यंत्रे घेणे कारखानदाराच्या हाती. तरी प्रत्येक ओट्यामागे एक क्षण असा येतो, की जेव्हा निर्णय घर चालवणाऱ्या माणसाच्या हाती असतो. रंग कोणता, दर काय, किती दिवस लागतील, हे प्रश्न सगळेच विचारतात. कापणार कोठे, पाण्याने कापणार की कोरडा, आणि कापणाऱ्याच्या तोंडाला नेमके काय बांधलेले आहे, हे तीन प्रश्न त्यांच्या जोडीला सहज बसतात. ते विचारायला पैसे लागत नाहीत. उत्तर ऐकल्यावर थोडे लागतात.

ग्रॅनाइटला घडायला कोट्यवधी वर्षे लागतात. तो कापायला काही मिनिटे पुरतात. त्या मिनिटांत उडालेला कण मात्र कापणाऱ्याच्या छातीत जन्मभर राहतो. घराची शोभा मोजताना ओट्यावरची चकाकी मोजली जाते, तसा हा कणही हिशेबात धरला पाहिजे. पहाटे पाचला त्या करड्या दगडावर पहिली पोळी लाटली जाते, तेव्हा त्याच्यावर कोणाच्याही श्वासाचे कर्ज असू नये, एवढीच काकूंची अपेक्षा होती. अपेक्षा फार मोठी नव्हती. पण ती पुरी करण्यासाठी कोणीतरी कोपऱ्यातली एक फट पत्करावी लागते.